बॉनेटला कान लावणारे आमचे साडू

आमच्या साडूंना देवाने दोन कान दिले होते, एक माणसांसाठी आणि एक गाड्यांसाठी. त्यातला माणसांसाठी दिलेला कान त्यांनी कधी फारसा वापरला नाही. नांदेडात आपल्या घरच्या पलंगावर बसून लातूरच्या गाडीचं दुखणं ओळखणारा असा गृहस्थ मराठवाड्यात दुसरा झाला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. ती ओळखलेली दुखणी खरी निघत का, हा प्रश्न वेगळा. त्याचंही उत्तर देणार आहे. कारण या माणसाच्या गोष्टी सांगून मी आजवर दोन जिल्ह्यांतल्या नातेवाइकांना पोट धरून हसवलंय, त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि तरीही एक गोष्ट मी इतकी वर्षं अर्धीच सांगत आलोय. ती आता पुरी करायची आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्या बहिणीला आम्ही सगळे अक्का म्हणतो. साडूंची उभी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात गेली, कानाला यंत्र लावून. बिलोलीहून बोलणाऱ्याचा आवाज खरखरीतून तांदळातल्या खड्यासारखा वेचून काढायचा आणि पलीकडच्याला पोचवायचा, हे त्यांचं काम. ‘बिलोलीच्या लाइनीवर बाई रडून राहिली का हसून राहिली, हे ज्याला कळतं, त्याला इंजिनाचं काय अवघड हाय?’ असा त्यांचा बिनतोड सवाल असे. आश्चर्य म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. सायकलच्या पलीकडे त्यांनी कधी काही हाकलं नाही. हे कुणी तोंडावर बोललंच तर ते शांतपणे विचारत, ‘डॉक्टरला बाळंत व्हावं लागतं का?’

निदान करायची त्यांची रीत ठरलेली होती. बॉनेट उघडायचं, गाडी चालू ठेवायला सांगायची आणि अक्कांचं लाटणं आणायचं. लाटण्याचं एक टोक इंजिनाला, दुसरं कानाला. डोळे मिटलेले, भुवया वर गेलेल्या, एक हात हवेत, म्हणजे कुणी बोलू नये. लाटण्यातून इंजिन मनातलं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. मेकॅनिक लोकही पेचकस कानाला लावतात हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, ‘लोखंड लोखंडाचीच बाजू घेणार की, साडूभाऊ. लाकूड तिऱ्हाईत असतं.’ अक्कांच्या पोळ्यांना वर्षभर ग्रीसचा वास येत राहिला. शेवटी त्यांनी स्वयंपाकाचं लाटणं वेगळं घेतलं आणि त्याला कुंकवाची बोटं ओढून ठेवली. साडूंनी त्या देवाच्या लाटण्याला कधी हात लावला नाही. मात्र कामाच्या घाईत जुनं लाटणं सापडलं नाही की ते शेजाऱ्यांकडून मागून आणत. त्यांच्या गल्लीत कुठलीही बाई त्यांना येताना पाहून आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घेई.

आवाजांची त्यांनी नात्यागोत्याप्रमाणे वर्गवारी केली होती. सुरू होताना किंचाळतो आणि जरा मान दिला की गप्प बसतो, तो जावई. म्हणजे पट्टा सैल झालाय. दिवसभर टिकटिक करते पण संसाराला धोका नसतो, ती सासू. म्हणजे टॅपेट, इंजिनाच्या झडपांची खटखट. एरवी गोड, फक्त वळणावर कुरकुरते, ती नणंद. आणि खालून, पार पोटातून ठोके देत येतो, तो भाऊबंद. ‘भाऊबंद वाजायला लागला की समजायचं, आता वाटणी झाल्याबिगर भागत न्हाई. इंजिन खाली उतरवायचं.’ नांदेडचे मिस्त्री या शास्त्राला इतके वैतागले होते, की साडू गॅरेजात शिरताना दिसले की आधी खुर्ची पुसून देत आणि म्हणत, ‘चच्चा, बैठो, चाय पिओ, बस बोलो मत.’ साडू बसत, चहा पीत आणि बोलत.

लांबच्या गाड्यांची तपासणी फोनवर चाले. त्यात अट एकच. गाडीजवळ फोन धरायचा नाही. फोनमधून गाडीचा आवाज खोटा येतो, माणसाचा खरा येतो, सबब तुम्ही तो आवाज तोंडाने काढून दाखवायचा. मी तेव्हा लातूरला एका शाळेत मुख्याध्यापक होतो. गाडी कुठेतरी घुरघुरत होती म्हणून मधल्या सुट्टीत मी त्यांना फोन लावला आणि, बाहेर ऐकू जाणार नाही अशा बेताने, ‘घुर्र, घुर्र, टक’ केलं. पलीकडून साडू म्हणाले, ‘मोठ्यानं. आणि टक घुर्रच्या आधी येतं का मागून?’ मी पुन्हा केलं. ‘चढावर कसं करते, ते करा.’ मी चढावरचं केलं. तेवढ्यात शिपाई धावत आत आला आणि माझी पाठ चोळायला लागला. ‘सर, छातीत दुखून राहिलंय का? डॉक्टरला बोलावू का?’ त्या दिवसापासून शाळेतल्या पोरांनी मला जे नाव ठेवलं ते मी इथे लिहीत नाही, पण निवृत्तीच्या समारंभात मागच्या बाकावरून ते एकदा ऐकू आलंच.

आता त्यांच्या चुकांचंही सांगतो, कारण ते लपवणं बरोबर होणार नाही. शेजाऱ्याच्या गाडीत त्यांना एकदा भाऊबंद ऐकू आला. बिचाऱ्याने विश्वासाने इंजिन खाली उतरवलं. सगळं उघडलं, पुसलं, परत बसवलं, भाऊबंद कायम. मग शेजारणीला आठवलं की माहेरहून आणलेल्या लोणच्याच्या बरणीचं झाकण सापडत नाहीये. ते मागच्या सीटखाली होतं. झाकण काढलं, आवाज गेला. शेजारी कंबरेवर हात ठेवून उभा. साडू जराही डगमगले नाहीत. ‘झाकण वाजत होतं म्हणून इंजिनाचा आवाज आपल्याला नीट आला न्हाई, एवढंच. आता ऐका.’ आणि त्यांनी पुन्हा लाटणं मागितलं.

त्यांच्यासोबत प्रवास करणं म्हणजे मौनव्रत. गाणी बंद, बोलणं बंद, शेंगा खाणंसुद्धा बंद, कारण टरफलाचा आवाज टॅपेटमध्ये मिसळतो. मुरुडला आमच्या एका नात्यातल्या म्हाताऱ्यांना पोचवायला गेलो होतो, तेव्हा शववाहिनी आली, बायकांनी हंबरडा फोडला, आणि साडूंनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना ‘श्श’ केलं. मग ड्रायव्हरजवळ जाऊन हळूच म्हणाले, ‘बाबा, इंजिनाची चेन ढिली हाय तुझ्या गाडीची. यांचं काय, ते आता कुठंही थांबले तरी चालतंय. परत जाताना तुझा खोळंबा होईल.’ अक्का त्यानंतर कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. ते साडूंच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

असा हा माणूस, आणि त्यांना एकुलती एक मुलगी. तिचं लग्न जमवलं मी. मुलगा निलंग्याचा, शिकलेला, घरची शेती, वडिलांचा धान्याचा व्यापार. हे वडील म्हणजे होणारे व्याही. माणूस भला पण मानाला फार जपणारा, डोक्यावर फेटा आणि जिभेवर धार. नांदेड आणि निलंगा दोन्हीकडून सोयीचं म्हणून सुपारी फोडायचा कार्यक्रम लातूरला आमच्या घरी ठेवला. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. ठरलं असं, की जेवणं उरकून व्याह्यांच्या गाडीतून मुलगा, मुलगी, अक्का आणि मुलाची आत्या तुळजापूरला जाऊन देवीची ओटी भरून येतील. त्या दिवशी सकाळी मी साडूंना अंगणात बाजूला घेऊन बजावलं होतं, ‘आज गाडीबद्दल एक अक्षर नाही. लेकीच्या जन्माचा प्रश्न आहे.’ त्यांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली.

व्याह्यांची गाडी फाटकात शिरली. चकचकीत, घेऊन वर्षही झालं नव्हतं, पुढे झेंडूचा हार. आम्ही सगळे हात जोडून पुढे झालो, आणि साडूंचे जोडलेले हात तसेच हवेत राहिले. मान कलली, भुवया वर गेल्या.

‘पाहुणे,’ ते व्याह्यांना म्हणाले, ‘गाडीत काही खायाचं ठिवलंय का?’

‘पेढ्याचा पुडा हाय की. का हो?’

‘पेढा वाजत न्हाई.’

मी मध्ये पडून सगळ्यांना आत नेलं. सुपारी फुटली, पेढे वाटले, जेवणं झाली. साडू जेवताना सारखे फाटकाकडे बघत होते. निघायची वेळ झाली, मुलगी नवी साडी सावरत गाडीत बसायला निघाली, तेव्हा ते दारात आडवे उभे राहिले. ‘आवाज सापडल्याबिगर माझी लेक या गाडीत बसत नसती.’

व्याह्यांचा फेटा थरथरायला लागला. ‘म्हणजे? आमची गाडी खटारा हाय म्हणायचं का तुम्हाला? आजच सुपारी फुटली आणि आजच संशय?’

‘गाडीला काय म्हणून न्हाई राहिलो, पाहुणे. आत काहीतरी खुळखुळतंय. लोखंडाचं न्हाई. खाण्याचं हाय.’

‘ऐका! इंजिन आता जेवायला लागलं!’ व्याही मुलाकडे वळले. ‘चल रे. बस गाडीत. हे असलं घर आपल्याला झेपायचं न्हाई.’

अक्कांनी डोळ्याला पदर लावला. मुलगी भिंतीला टेकून जमिनीकडे बघत होती. मी साडूंच्या दंडाला धरून अक्षरशः हिसका दिला आणि म्हणालो, ‘वाटोळं करताय लेकीचं!’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हात सोडवून घेतला, पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला, का ते त्यांचं त्यांना ठाऊक, आणि सरळ जाऊन बॉनेट उघडलं.

पुढचं दोन्ही घरांत सगळ्यांना पाठ आहे. एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडताच आतून ओंजळ ओंजळ सोयाबीन सांडलं. व्याह्यांची गाडी घरी गोदामाशेजारी पोत्यांलगत उभी राहायची, आणि उंदरांनी तिथे आपली बेगमी करून ठेवली होती. त्या सोयाबीनमागून खुद्द मालक, एक गलेलठ्ठ उंदीर, उसळला तो थेट व्याह्यांच्या खांद्यावर आणि तिथून फेट्यात. व्याही अंगणभर नाचले. आत्याबाई पाटावर चढल्या. मुलाने फेटा ओढून फेकला, तो लांबच लांब सुटत तुळशीपर्यंत गेला. आणि नवरीमुलगी, जी इतका वेळ रडायच्या बेतात होती, ती फस्सकन हसली. मग मुलगा हसला. मग आत्याबाई. शेवटी व्याह्यांनाही हसावंच लागलं, आणि मोडायला निघालेली सोयरीक त्या हशात पक्की झाली. वर आणखी गंमत अशी, की साडूंनी तो अडकित्ता इंजिनात कुठेतरी चालवून तसाच तबकात आणून ठेवला होता. व्याह्यांनी दम खाऊन सुपारी कातरली, पान तोंडात टाकलं आणि थू थू करत उठले. पानाला पेट्रोलचा वास! ‘सोयऱ्यांनी पेट्रोल पाजलं’ हे ते पुढे प्रत्येक लग्नात सांगत, आणि ते थांबले की मी उंदीर कसा उसळला ते सांगत असे. माझ्यासारखा तो उंदीर कुणालाच जमत नसे. तेव्हापासून निलंग्याच्या घरात आमचे साडू म्हणजे एक विदूषक. सणावारी ते आले की पोरं ‘उंदीरवाले आजोबा आले’ म्हणून गोळा व्हायची.

आता राहिलेला अर्धा भाग. तो हशा चालू होता तेव्हा मी बॉनेटपाशी गेलो होतो, साडूंना चार शब्द सुनवायला. ते वाकून काहीतरी करत होते. मला त्यांनी बोट लावून दाखवलं. डब्याच्या मागे पेट्रोलचा रबरी पाइप होता. उंदराने तो शेवटाजवळ कुरतडून कुरतडून कागदाएवढा पातळ केला होता, आणि त्यातून पेट्रोल पाझरत होतं, घामासारखं. खाली इंजिन, वाटेत तापणारं. तुळजापूर लांब. साडूंनी अडकित्त्याने कुरतडलेलं टोक कापलं, उरलेला पाइप ओढून परत बसवला, वरून क्लिप आवळली आणि कापलेला तुकडा खिशात घातला.

‘हे ऐकू आलं होतं तुम्हाला?’ मी विचारलं.

‘न्हाई,’ ते म्हणाले. ‘मला सोयाबीन ऐकू आलं. हा तर गपचिप होता.’

मी व्याह्यांना हाक मारायला वळलो, तर त्यांनी माझा सदरा धरला. ‘कशाला? भर कार्यक्रमात त्यांना कळू द्यायचं का, की तुमच्या गाडीत पोरं जळाली असती म्हणून? माणूस मानी हाय, साडूभाऊ. ती सल त्याच्या मनात राहील आणि भोगायची माझ्या लेकीला. त्यापरीस लोकांना मला हसू द्या. मला सवय हाय. ते जित्ते हायेत तवर बोलू नका.’

मी बोललो नाही. वचन पाळलं, असं मी स्वतःला सांगत आलो. पण वचन गप्प बसायचं होतं. उंदीर रंगवून रंगवून सांगायचं कुणी सांगितलं नव्हतं. हशा पिकतो तेव्हा सांगणाऱ्यालाही गोड लागतं, आणि मी ते गोड पुष्कळ खाल्लं. व्याही वारले, वचन संपलं, तरी माझा उंदीर उसळतच राहिला.

यंदा दिवाळीला सगळे लातूरला आमच्याकडे जमले होते. साडूंना आता ऐकू येत नाही. मशीन आणून दिलंय, ते खिशात असतं. ‘त्यात मशीनचाच आवाज येतो,’ म्हणतात. त्यांची नात, निलंग्याची, लातुरात क्लासेससाठी आमच्याकडेच राहते. फराळ झाल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘मावसाजी, उंदीर होऊन जाऊ द्या.’ मी सुरुवात केली. उंदीर उसळला, फेटा सुटला, पानाला पेट्रोलचा वास आला, सगळे हसले. साडूही आमच्या तोंडांकडे बघून हसत होते. नात तेवढी हसली नाही. म्हणाली, ‘पण आजोबांनी अडकित्त्यानं कापलं काय?’

इतक्या वर्षांत, इतक्या लग्नांत, हे कुणी विचारलं नव्हतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं. पाइप, पाझर, खालचं इंजिन, खिशात घातलेला तुकडा, धरलेला सदरा, सगळं. साडूंची मुलगी करंजी हातात धरून ऐकत राहिली. जावईबापूंनी मान खाली घातली. अक्का नवऱ्याकडे असं बघत होत्या, की जणू कुणी परका माणूस येऊन त्यांच्या पलंगावर बसलाय.

साडू एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांना शब्द कळले नव्हते, पण ही गोष्ट चालू होती हे माझ्या हातवाऱ्यांवरून कळलं होतं, आणि या जागी हशा यायला हवा होता. ते अस्वस्थ झाले. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात मला म्हणाले, ‘काय झालं? कुणी हसंना का? उंदीर इसरलात का काय?’

मग माझ्याच्याने होत नाही असं समजून ते गुडघ्यावर हात देत उठले. उपरणं डोक्याला गुंडाळलं, दोन्ही हात पंजासारखे छातीशी धरले, आणि त्या वयात, पडत धडपडत, व्याह्यांच्या खांद्यावरचा तो उंदीर त्यांनी स्वतः करून दाखवला. आम्ही सगळे हसलो. नात हसत हसत त्यांच्या कमरेला मिठी मारून बसली ती सोडेना. तिच्या डोळ्यांत पाणी का, हे त्यांना समजलं नाही. तिच्या डोक्यावर थोपटत ते विजयाने माझ्याकडे वळले.

‘बघा, साडूभाऊ! अशी सांगायची असती.’

मी ‘हो’ म्हणालो. ते त्यांना ऐकू गेलं नसावं, म्हणून मान डोलावली, आणि पुष्कळ वेळ डोलावत राहिलो.